पोटातली मोजणी

ससून डॉकवर पहाटे साडेचारला
मी सुरमईची पोटं फाडते.
गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, पायांत भावाचे गमबूट,
वहीत रकाने: लांबी, वजन,
जठर भरलेलं की रिकामं.

आतून तारल्या निघतात.
काही अजून लखलखीत, आत्ताच गिळल्यासारख्या,
काही विरघळत आलेल्या, नुसता कणा आणि डोळा.
चिमट्याने एकेक उचलून ट्रेमध्ये मांडते.
सात. तीन. शून्य. शून्य. चार. शून्य.

शून्यं इतकी का येतात, कुणी विचारत नाही.
एवढा वेग, कात्रीसारखे दात,
आणि तरी या महिन्यातल्या अर्ध्याअधिक सुरमया
उपाशीपोटी मेल्या.

जोमा नाखवा उलट्या क्रेटवर बसून चहा फुंकतो.
"मेलेल्या मोजून जगलेल्यांचं काय कळनार गो तुला?"
खरंय.
जी वाचली
तिची नोंद कुठल्याच पोटात नसते.

मग तोच सांगतो
मढच्या बाहेर, वीस वाव पाण्यात,
इंजिन बंद करून पाहिलेलं:
आधी पाण्याच्या अंगावर काटा येतो.
मग खालून सुरमया घुसतात, पाच-सहा,
आणि थवा फाटतो,
पण कापडासारखा टरकन नाही.
पाण्यात बोट घालावं तसा.
बोट काढलं, की पुन्हा पाणी.

"पुढे कोण असते? त्यांचा नाखवा कोण?"
तो हसला, दोन दात नसलेलं.
"नाखवा असता तर पयला त्यालाच खाल्ला असता."

मीही माझं पुस्तकातलं सांगितलं:
तारलीच्या कुशीवर बाकीच्या माशांसारखी रेघ नसते,
तिच्या गालांत बारीक नळ्या असतात,
झाडाच्या मुळांसारख्या फुटलेल्या.
शेजारणीने अंग मुरडलं की पाणी हलतं,
ते गालाला लागतं,
आणि वळायचं ठरवण्याआधीच ही वळलेली असते.
सुरमईला हवी असते एक.
हजार चांद्यांत तिला एक काही सापडत नाही.

जठर क्रमांक एकशे बारा.
तारल्या शून्य, मांदेली एक.
पिवळट सोनेरी, करंगळीएवढी.
आपल्या घोळक्यातून सुटली असेल,
चमकणारा पहिला घोळका दिसला, त्यात शिरली असेल.
सगळी चांदी, मध्ये हे एवढंसं सोनं.
ती मी ट्रेच्या कडेला ठेवली, बाकीच्यांपासून लांब.

संस्थेत कोळीवाड्यातली मी एकटी.
पहिलं वर्षभर बोटांना लिंबू चोळून जात होते.
आता त्यांच्यासारखं "अॅक्च्युअली" म्हणते,
सगळे हसले की हसते,
अर्धा क्षण आधीसुद्धा.

"आणि जाळं?" मी विचारलं.
जोमाने चहाचा गाळ पाण्यात झटकला.
"जाळ्याला एक नको असते. जाळ्याला सगल्याच पायजेत."
पर्ससीनची दोरी आवळत आली
की थवा पांगत नाही, अजून घट्ट होतो,
अंगाला अंग लावून गोल फिरतो,
ज्याने आजवर वाचवलं तेच जीव तोडून करतो.
"सोपं जातं मग," जोमा म्हणाला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

उजाडलं. तारल्यांचे क्रेट उतरायला लागले.
कुलाब्याच्या बाजूने कावळे आले, त्यांना क्रम माहीत आहे.
बर्फ टाकायच्या आधी मी एक सहज उचलली.
शेपटीपाशी जुनी जखम,
दातांची अर्धी कमान,
वर नवी खवलं, जरा वाकडीतिकडी बसलेली.

हिच्यासाठी रकाना नाही.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
एक. सुटली होती.
तारीख टाकली.

मग सुरी पुसली
आणि पुढची सुरमई घेतली.