पाणी मारल्यावर दिसतं

बोर्ड चार बाय सहा, पत्र्याचा, प्रायमरचे दोन हात.
मजकूर साहेबांनी व्हॉट्सॲपवर धाडलेला:
प्राचीन शैलचित्रे. हात लावू नये. पाणी मारू नये.
खाली बाण. बाणाखाली
सेल्फी पॉइंट, ५० मीटर.
मी विचारलं, साहेब, वरचं धरायचं का खालचं?
म्हणाले, मोकल, तू फुटावर पैसे घेतोस ना?
मग.

येऊरच्या फाटकातून आत, टर्फचे दिवे संपतात
तिथून वीस मिनिटांचा चढ.
देवू वरठा पुढे, अनवाणी,
पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या.
मला वाटलं, प्यायच्या.

कातळ गाभण म्हशीच्या पोटासारखा पुढे आलेला.
त्याच्याखाली काहीच नाही.
डाग, सुकं शेवाळ, गांधीलमाशीचं रिकामं घर.
'कुठाय रे?'
देवूने तोंडभर घोट घेतला
आणि इस्त्रीवाला फवारतो तसा फुर्रकन सोडला.

दगडातून सांबर उठलं.

गेरूचं. अख्खं जनावर एका रेघेवर उभं.
तीस वर्षं रेघा ओढतोय मी,
कळव्यातली दुकानं, टेम्पोंच्या पाठी,
चार निवडणुकांची चिन्हं;
हात कुठे उचलला ते मला कळतं.
इथे शिंगापासून शेपटीपर्यंत
उचललेलाच नव्हता.
फक्त मागल्या खुराशी रेघ जराशी जाड,
रंग जास्त आला असेल
किंवा मागून कुणी हाक मारली असेल, जेवायला.

मग वाळायला लागलं.
आधी शिंगं गेली, मग मान,
शेवटी ती जाड जागा.
'पन्नास,' देवू सवयीने म्हणाला
आणि जीभ चावली. 'तुमचं नाय. तुम्ही कामाचं मानूस.'

थंडीतल्या रविवारी वीस-वीस वेळा फवारतो.
बापाच्या वेळेला तीन सांबरं होती,
एक बाप्या पण होता, हातात कायतरी घेऊन.
तो पाण्यानं गेला.
पुरातत्त्वच्या पाठारे बाईंनी मला समजावलं:
पाणी आतलं मीठ बाहेर ओढतं,
दगडावर पांढरी साय धरते,
रंग सायीखाली बुडतो.
म्हणजे जेवढं दाखवू तेवढं जाणार.

बाईंना जाळी हवी, वाट बंद.
साहेबांना पायऱ्या, फोकस, गाड्यांना जागा.
देवूला बहिणीची बारावीची फी.
सांबराचं काय म्हणणं, ते कुणाच्याच फायलीत नाही.

'पाणी मारू नये' रंगवत होतो
तेव्हा देवू बाजूला बसून अक्षरं जुळवत होता.
'नये'पाशी थांबला.
'मंग मी काय दाखवू?'

डब्यात तांबडा ऑक्साइड उरला होता
आणि बोर्डाची पाठ कोरी होती.
चार वेळा काढलं, चार वेळा पुसलं.
पाचवं राहू दिलं.
पाय जमले. रेघ मात्र तीनदा तुटली.
माझं सांबर बघणाऱ्याकडे बघतं,
वेफरच्या पाकिटावरच्या प्राण्यासारखं.
त्याचं कुणाकडेच बघत नव्हतं.
'ह्याची ग्यारंटी किती?'
पाच वर्षं, म्हटलं. उन्हात तीन.
देवू कातळाच्या दिशेला बघून हसला.

पुढल्या रविवारी बिलाच्या सहीसाठी गेलो.
बोर्डाच्या पाठीशी रांग. बायका, पोरं,
एकाने माझ्या सांबराच्या गळ्यात हात टाकलेला.
देवू शेजारी उभा राहून सांगत होता:
ह्ये नक्कल हाय. खरं आत हाय, निजलंय,
उठवायचं नाय.
वीस रुपये घेत होता. देत होते लोक.
कुणी मागे वळून विचारत होतं,
आत म्हणजे किती आत?

पिशवी झाडाला टांगलेली.
तीन बाटल्या गच्च भरलेल्या.
चौथी अर्धी.

मी विचारलं नाही.
ऊन होतं. प्यायलाही असेल.