पडद्याचं माप

जमातीच्या अभ्यासिकेत पडदा हवा, म्हणून
सकाळीच मुश्ताक दळवी दुकानात आले.
माझगावची आमची गल्ली नुकतीच धुतलेली,
त्यांनी पायजमा घोट्याच्या वर धरलेला.
"साडेअकरा फूट, सफुरा. जाड कापड.
आरपार दिसता कामा नये."
खालून किती सोडू?
"काहीच नको."
मग जरा थांबून,
"झाडू फिरायला हवा. दोन बोटं सोड."

मशीन सुरू झालं की दुकानात लोक बोलायला लागतात,
त्या खडखडाटाचा त्यांना आडोसा वाटतो बहुतेक.

हुमेरा रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल.
म्हणाली, नजर खाली ठेवा हे आधी पुरुषांना सांगितलंय,
आपल्याला त्यानंतरच्या आयतीत.
तिचा भाऊ जुबेर बाहीचा दोरा तोडत म्हणाला,
आणि पडद्याआडून मागा, हे?
ते पैगंबरांच्या घरासाठी होतं.
त्या घराला लागत होता, तर आपल्याला जास्तच लागेल.
हुमेरा हसली. रात्रभर मी ज्यांची नाडी बघते,
त्यांना सांगू का हे?
जुबेर काही बोलला नाही.
तिचा उरलेला अर्धा कप त्याने संपवला.

फुफीला विचारलं तर ती म्हणते,
श्रीवर्धनला लावणीच्या चिखलात
कोण कुणाच्या शेजारी वाकलंय, कुणी बघत नसे.
बुरखा मी मुंबईत आल्यावर घेतला.
कुणी सांगितलं म्हणून नाही गं,
इथे पहिल्यांदा मला
कुणी न ओळखण्याची मजा कळली.

दुपारी दहावीतली अलिफा आली, दप्तर पाठीवर.
कापडाला हात लावून म्हणाली,
खाला, कधी होईल?
मी म्हटलं, तुला कशाला गं घाई,
तुला तर आवडायला नको हा.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
"पडदा लागला की अब्बू पाठवणार आहेत.
गणिताचे अकरा धडे राहिलेत."

त्यानंतर मी चहासुद्धा घेतला नाही.
संध्याकाळपर्यंत कड्या लावून झाल्या,
राहिली फक्त खालची दुमड.
दोन बोटं.
कुणाची, ते मुश्ताकभाईंनी सांगितलं नव्हतं.

माझे अब्बा गोदीत फिटर होते,
त्यांची बोटं जाड.
मी तीच धरली.