धर्माची गाय

डेटनमध्ये मार्चचा मळका बर्फ अजून कडेला,
आणि डॅरिल टो-ट्रक घेऊन आला
सव्वानऊला, सांगितल्याप्रमाणे.

लेक्ससभोवती एक फेरी मारली त्यानं.
एक लाख एकसष्ट हजार मैल.
बंपरला पोचा.
सनरूफ अर्ध्यात अडकतं, हे मीच सांगितलं.
धर्माची गाय, तिचे दात कोण मोजतं?
डॅरिलनं मोजले. फॉर्मवर लिहिले.
लिलावाचे पैसे बेघरांच्या निवाऱ्याला,
पावती टपालानं, करात कामाला येईल म्हणाला.

खणात निघालं: सुपारीची डबी,
पार्किंगच्या चिल्लरीत आठ आण्याचं एक नाणं,
डोळ्यांच्या डॉक्टरांची सहा कार्डं.
शेवटच्या कार्डामागे कुंदाची किराणा यादी,
ओळीवर ओळ चढलेली,
पोह्यांवर साबण, साबणावर कोथिंबीर.

किल्ली देण्याआधी आत बसलो.
दोन माणसांची मापं सीटच्या लक्षात:
एक नंबर मी, दोन ती.
दोन दाबलं.
सीट गुरगुरत पुढे सरकली, वर उचलली,
माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले,
आरसे आपणहून वळले
आणि दिसू लागलं
वीस वर्षं तिला दिसलेलं मागचं सगळं.

"ठीक आहे ना, सर?"
म्हटलं, हो. जरा अडकलोय.

घरात कुंदा खिडकीशी,
काचेला कान लावून.
"गेली?"
"गेली."
"वळताना इंडिकेटर दिला का त्यानं?"

नव्हता दिला.
दिला, म्हणालो.