ओली बादली

कोथरूडातल्या त्या बिल्डिंगीत बत्तीस घरं.
नावं मला निम्म्यांचीच ठाऊक,
बादल्या मात्र सगळ्यांच्या पाठ.

एकशे दोनमध्ये शेवग्याचा चोथा,
म्हणजे आजोबांची नवी कवळी बसली म्हणायची.
दोनशे चारला सोमवारी नळ्या,
चोखून चोखून पांढऱ्या केलेल्या.
पाचव्या मजल्यावर किवीच्या साली
आणि त्या अवोकॅडोच्या बिया, गुळगुळीत, गोटीसारख्या.
एक मी डब्यात लावली. अजून काही उगवली नाही.

तीनशे चारच्या बर्वेकाकू
बादलीसुद्धा देवाच्या तांब्यासारखी घासून ठेवतात.
"आमच्यात हाडूक सापडायचं नाही हो तुला."
खरंच नाही सापडत.
पनीर सापडतं. अख्खी वडी, कडेनं हिरवट.
नासलेलं दूध, तुपाची बेरी,
आणि वरती एक तुळशीचं पान, सुकलेलं.

तक्षशिला, माझी धाकटी, नववीत आहे.
शाळेतून तक्ता घेऊन आली:
काय खाल्लं की हवेत किती गॅस जातो.
जनता वसाहतीत लाइट गेली होती,
मोबाइलच्या उजेडात तिनं वाचून दाखवला.
सगळ्यात वरची ओळ
बाईंनी पांढऱ्या शाईनं झाकली होती.
तिनं कागद उजेडावर धरला,
आम्ही दोघींनी ती ओळ वाचली,
आणि काही न बोलता खालच्या ओळीवर गेलो.

मटण. मग चीज, पनीर.
बर्वेकाकू इतक्या वर! मला हसू आलं,
मग वाईट वाटलं, त्यांना कोण सांगणार.
भातही होता यादीत,
खाचरात पाणी साचतं, चिखल बुडबुडे सोडतो म्हणे.
ज्वारी पार तळाशी, मसूर तिच्याशेजारी.

"आई, आपलं ताट सगळ्यात हलकं!"
पहिला नंबर आल्यासारखी म्हणाली.
मी भाकरी उलटत होते.
हलकं आहे ते मला माहीत आहे, बाई.
दुपारी चौथा जिना चढताना
रोज कळतं.

पण एक रकाना त्या तक्त्यात नव्हता,
जे कुणी खाल्लंच नाही, त्याचा.
मागच्या महिन्यात गच्चीवर साखरपुडा झाला.
दोन टब पुलाव उरला,
वरचे काजूसुद्धा मांडले तसेच.
मी आणि छबूबाईनं तो जिन्यानं खाली आणला,
लिफ्टमध्ये वास राहतो म्हणून.
असल्याच ढिगावर माझा भाऊ कामाला होता, फुरसुंगीला.
सांगायचा, ढीग आतल्या आत शिजतो,
काडी लावायला नको, धूर आपला आपण निघतो.
त्याचा खोकला त्याच्याबरोबरच गेला.

आता बिल्डिंगीच्या मागे टाकी बसवलीय.
ओलं आत टाकायचं, नळीतून निळी ज्योत येते,
वॉचमन मिसाळ तिच्यावर चहा करतो.
चहात दूध नावाला.
तक्त्याप्रमाणे चांगलंच म्हणायचं.

शेवटचा प्रश्न पानाच्या तळाला होता:
हवामानासाठी तुमचं कुटुंब काय सोडेल?
खाली चार रेघा, कोऱ्या.
पोरगी पेन चावत बसली.
"आखाडातलं मटण लिहू?"
अर्धा किलो. सहा माणसं. वर्षातून एकदा.
"ते नको लिहू."
"मग काय लिहू?"
"झोप आता. सकाळी बघू."

सकाळी पाचव्या मजल्याच्या बादलीत
श्रीखंडाचा डबा होता, आम्रखंड,
सील न तोडलेला. तारीख कालची.
जिन्यातच उघडला, बोट बुडवून चाखलं.
चांगलं होतं. पदराखाली घेतलं.

घरी सहा वाट्या काढल्या.
तक्षशिलेनं चमचा हातात धरला आणि थांबली.
"आई, हे कुणाच्या नावावर लिहायचं?
त्यांच्या, की आपल्या?"

मी म्हटलं, आधी खा.
गरम होतंय ते.