आवाजाचा प्रकार

तलावांत अठरा टक्के उरलंय.
सकाळच्या बैठकीत हा आकडा सगळ्यांनी
हळूच उच्चारला,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा.

मग माझ्या टेबलावर वेळापत्रक आलं.
पंचावन्न मिनिटांची चाळीस,
चाळिसाची तीस.
खोडरबर घेऊन बसले.
चेंबूरला सासूबाईंच्या इमारतीची वीस मिनिटं
मीच खोडली.
रात्री फोनवर त्या म्हणाल्या, "कोण गं तो मेला?"
म्हटलं, "आहे एक, आमच्याच खात्यातला."

दीड वाजता हरेश्वर तांडेलबरोबर
गळती शोधायला निघाले.
ट्रक थांबले की रस्ता बोलतो, असं त्याचं म्हणणं.
हातात लोखंडी सळई, वरच्या टोकाला पितळी वाटी.
खालचं टोक झडपेवर, वाटी कानाला,
डोळे मिटलेले.
त्याचा बाप वल्हं पाण्यात सोडून
दांडा कानाला लावायचा,
ढोम्यांचा थवा कुठे आहे ते ऐकायचा.
होडी विकली. कान राहिला.

"फुटका सांधा शीळ घालतो, मॅडम.
गंजलेलं भोक कुजबुजतं.
मातीत मुरणारं पाणी
तव्यावर बोंबील टाकल्यासारखं, चर्र."
मी वहीत भरत जाते
रकाना चौथा: आवाजाचा प्रकार.
शीळ. शीळ. चर्र.
तानसेवरून इतक्या लांब आलेलं पाणी
शेवटच्या दोन गल्ल्यांत हरवत होतं.
तीन ठिकाणी खडूने फुल्या मारल्या.

चौथ्या जागी, गोवंडीत, नाल्यालगत,
तो बराच वेळ वाकून राहिला.
काही न बोलता सळई माझ्या हातात दिली.

शीळ नव्हती.
आधी पोकळ, घुमणारा आवाज,
मग चढत चढत बारीक,
मग काहीच नाही.
पुन्हा पोकळ.
कळायला मला तिसरा हंडा लागला.

सोळा मोजले.
सतरावं भांडं लहान असावं, लगेच भरलं.

नियम मला पाठ आहे. अनधिकृत जोडणी तोडावी,
पंचनामा करावा.
तांडेलने पितळी वाटी सदऱ्याला पुसली
आणि नाल्याकडे पाठ करून
तंबाखू मळत राहिला.
मी वेळापत्रक काढलं, बॅटरी पेटवली.
या वस्तीचं नावच नव्हतं त्यात.
शून्यातून किती मिनिटं कापतात,
परिपत्रकात दिलेलं नाही.

सकाळी तिन्ही सांधे जोडून झाले.
वाचलेल्या पाण्याचा हिशेब साहेबांना आवडला.
त्याखाली मी पेन्सिलीने एक ओळ वाढवली:
नाल्यालगत, पहाटे अडीच, बारा मिनिटं.
सही अजून आलेली नाही.
"बाराच का?" असं लिहून कागद परत आलाय.

बारा मिनिटांत सोळा हंडे भरतात, साहेब.
आणि एक लहान भांडं.