आकस

कळंब्याच्या बाजूला, तिसरा मजला,
बाल्कनी नऊ फूट बाय साडेतीन.
बिल्डरनं कागदावर चार लिहिलं होतं.
मी टेप लावला, तसा तो चहा सांगायला उठला.

एकतीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले,
पंपाच्या बॉडीचे, इंजिनाच्या चाकांचे, सगळे सागवानी.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड फुटामागं एक सूत मोठं ठेवायचं.
मिस्त्री ओरडायचे, ‘आकस धर, पोरा, आकस!’

रिटायर झालो आणि मीच आकसलो.
माझ्यासाठी सूत कुणी धरलं नव्हतं.

मग रंगाचे वीस लिटरचे डबे आणले,
तापल्या सळईनं बुडाला पाच भोकं पाडली.
डबा खाली निमुळता का, हे मला सांगावं लागलं नाही:
साचा वाळूतून सुटतो, तशी मुळं मातीसकट सुटावीत.
माती थोडीच, स्लॅबला ओझं नको.
बाकी शेणखत, आणि गुऱ्हाळामागं
दोन वर्षं कुजत पडलेला उसाचा भुसा.
पुदिना सावलीला, लवंगी मिरची कठड्याशी,
कारलं कोपऱ्यात.
पश्चिमेचं ऊन तीननंतर भाजून काढतं,
तिथं बायकोची जुनी सुती साडी दुहेरी करून बांधली.
ती म्हणाली, ‘विचारायचं तरी.’

एप्रिलात, बाहेर थेंब नसताना,
खालच्या शमशाद बागवानांच्या छताला ओल आली.
त्या वर आल्या, चप्पल न काढता दारातूनच म्हणाल्या,
‘काका, तुमचं झाड आमच्या हॉलात उगवणार हाय काय?’
सेक्रेटरी चौगुल्यांनी फळ्यावर नोटीस लावली.
नाव नव्हतं, पण कुंड्या कुणाच्या हे सगळ्यांना माहीत.
आडनाव बागवान आणि घरात तुळशीएवढी कुंडी नाही,
असं मी तीन आठवडे मनात घोळवलं.
हाही आकसच.
जिन्यात गाठ पडली की मी पायऱ्या मोजायचो.

एका रात्री झोप येईना.
नातवाची गोटी फरशीवर ठेवली.
ती जाळीकडं गेलीच नाही,
भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली
चोरी कबूल केल्यासारखी.

सकाळी सगळे डबे जिन्यात.
सांधे खरवडले, उतार जाळीकडं वळवला,
कोपऱ्याला सिमेंटची गोलाई दिली.
टोकदार कोपरा ठेवला की तडा तिथंच जातो,
हे ओतकामातलं जुनं शहाणपण.
वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा,
पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही.
मग जाळी बंद करून, उंबऱ्याला बांध घालून
दोन दिवस पाणी कोंडून ठेवलं.
खाली बागवानबाई छताकडं बघत बसल्या,
वर मी फरशीकडं.
मधे पाच इंचांचा स्लॅब.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या,
दोन्ही हातांत फळांची रिकामी कॅरेटं.
‘डबं यावर ठेवा. खालनं वारं फिराय पायजे.’
आणि जाता जाता मिरचीचं पान उलटलं.
‘चुरडामुरडा हाय हा. आंबट ताक मारा,
एक वाटी ताक, धा वाट्या पाणी.
मामंजींची बाग होती शिरोळला, पेरूची.’
होती, म्हणाल्या. पुढं मी विचारलं नाही.

छतावरचा डाग अजून आहे.
पुट्टी मारून देतो म्हटलं, तर म्हणाल्या,
‘सुकू दे आधी. घाई कशाला.’

कारलं मात्र ऐकत नाही.
मी वर बांधतो, ते कठड्यावरून खाली उतरतं.
काल टेप सोडून बघितला:
त्यांच्या ग्रीलला टेकायला सव्वादोन फूट कमी.
आज पाणी घालताना दोरी जरा सैल केली,
एक सूत, जास्त नाही.