तेविसावं घर

डंडी, १९८५

शेजारच्या बाईचं नाव सेंगा.
मला पहिल्या दिवशी ऐकू आलं शेंगा,
मी हसले, म्हणून तीही हसली.
मग तिने कागदावर लिहून दाखवलं:
अ‍ॅग्नेस, मागून पुढे वाचायचं. आजीचं नाव उलटं केलेलं.

ती घड्याळांच्या कारखान्यात.
तिथे आता कॉम्प्युटर जोडतात म्हणे.
तिनेच आणून दिला एक, स्वस्तात,
पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा.
"निरंजनचे पाढे होतील," हे म्हणाले
आणि रात्रपाळीला गेले.

निरंजन पाढ्यांविनाच झोपला.
मी कॅसेट लावली.
पाच मिनिटं टीव्ही किंचाळतो,
कडेने निळे-पिवळे पट्टे धावतात,
घावनाला जाळी पडेपर्यंत थांबावं तसं थांबायचं.
मग एक गोदाम. एवढासा माणूस. चार खोकी.
खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही.
भिंतीला लागलं की लागलं.

एकच डाव, म्हटलं.
अकराला म्हटलं. साडेबारालाही म्हटलं.
दूध उतू गेलेलं वासाने कळलं.

दुकानात बीन्सच्या डब्यांची उतरंड,
तिच्यापुढे मी उभी,
कुठला आधी काढला तर वाट होईल?
मागून कुणीतरी दोनदा "सॉरी" म्हणालं.
डोळे मिटले तरी पापणीआड तो माणूस
ढकलतोय, बिनपगारी.
ह्यांना बोलले नाही.
कॅसेट हिंगाच्या डबीमागे ठेवायला लागले,
आमचे अण्णा तंबाखूची चंची ठेवत तशी.

तेविसाव्या घरात अडकले. तीन आठवडे.
आईला लिहायला घेतलेल्या निळ्या पत्राच्या
उरल्या घडीवर ठिपके मांडून बघत होते,
ते तसंच पडलं पोस्टात.

मिरजेहून उत्तर:
दादाच्या स्कूटरचा हप्ता, काकूंचा मोतीबिंदू,
आणि तळाशी, तिरपं, जागा संपत आलेली:
तुझी रांगोळी काढून पाहिली.
वरचा डावा कोपरा अडतो.
तिथूनच सुरुवात केली तर बसते.
तिकडे अंगणं असतात का गं?

त्या रात्री एक वाजता
वरचा डावा कोपरा. आधी तो.
मग खोकी अशी गेली जागेवर
की मी एकटीच "अगं बाई" म्हणाले, मोठ्याने.
चोविसावं घर उघडलं
आणि मीटरमधले पैसे संपले.

अंधार. काचेत एक ठिपका, बारीक होत विझला.
ह्यांच्या जुन्या कोटाचे खिसे चाचपले:
दोन पेनी, एक बटण, चहाचं बिल.
पन्नासाचं नाणं नाही.

खिडकीतून सेंगाचा पडदा दिसतो.
त्याच्यामागे निळं-पिवळं काहीतरी धावतंय.

मी चपला घातल्या. निरंजन गाढ आहे, बघून आले.
दार नुसतं ओढून घेतलं.
नाणं मागायला आले, असं सांगेन.